द्रव्यविषयक म्हणी व विनोद : भोर–वेल्हे परिसर

पैसा, ऋण, व्याज, उधारी, बचत व गुंतवणूक यांसंबंधीचा लोकानुभव थोडक्या शब्दांत सांगणारी रूढ वचने, वाक्प्रचार व थट्टेची बोलणी. मराठीत अशा वचनांची संख्या मोठी आहे. म्हणीला कर्ता नसतो आणि बहुधा जन्मगावही नसते. मात्र ज्या व्यवहारातून ती निघाली, तो व्यवहार तिच्या शब्दांत टिकून राहतो. म्हणून द्रव्यविषयक म्हणींची उत्पत्ती शोधावयाची म्हणजे मुख्यतः नाणी, मापे, कर्जखते व व्याजाचे दर यांचा इतिहास पाहावयाचा. पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत (वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केले). पुढे दिलेल्या म्हणी साऱ्या महाराष्ट्रात रूढ आहेत. परंतु त्यांच्यामागील जवळजवळ प्रत्येक व्यवहार या परिसराच्या इतिहासात कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळतो.

प्रदेश व धान्यव्यवहार : नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे इ. जुने विभाग मोडत. भरपूर पाऊस, उताराची जमीन व अरुंद भातखाचरे हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य. भात, नाचणी व वरई ही येथील प्रमुख पिके. रोख पैसा गावात क्वचितच येई. बलुतेदारांचा मोबदला खळ्यावर धान्यरूपाने दिला जाई आणि पावसाळ्यातील खावटीसाठी घेतलेले धान्य सुगीत सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मूळ मापाच्या सव्वापट किंवा दीडपट, परत करावे लागे. त्यामुळे मोलाची कल्पना नाण्यापेक्षा मापाशी अधिक निगडित होती. चार शेरांची पायली व तिच्या निम्मी अधोली ही नित्याची मापे. स्वस्त व मुबलक वस्तूला ‘पायलीचे पंधरा, अधोलीचे सोळा’ म्हणतात, ते या मापांवरून. माप लहान असून संख्या वाढते, हा त्यातील विनोद आहे. ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हणही तागडी व माप यांच्या जगातील.

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ या म्हणीत तर संपूर्ण व्यवहारच सांगितला आहे. रोख देणारा गिऱ्हाईक माप तपासून घेऊ शकतो, भावाची घासाघीस करू शकतो व न पटल्यास दुसऱ्या दुकानी जाऊ शकतो. उधारीच्या गिऱ्हाइकाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याला व्याजाव्यतिरिक्त मापातील तूटही सोसावी लागते आणि ती कोणत्याही खात्यात लिहिलेली नसते. दुकानदाराच्या बाजूचे उत्तर दुकानावरील ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीत आहे. ही पाटी रोज तीच राहते, म्हणून ‘उद्या’ कधीच उजाडत नाही.

नाणी व पारख : ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. शिवराई हे सामान्य माणसाच्या हातातील नाणे असल्याने ते पुढे दीर्घकाळ प्रचारात राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही ते बाजारात चालत असे. चांदीच्या रुपयाची स्थिती वेगळी होती. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चलनात होते. खाजगी व्यक्तींनाही टाकसाळीचे परवाने दिले जात. मराठेकालीन चलनाविषयी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे. नाण्यांचे वजन व कस सारखे नसल्याने प्रत्येक रुपया सराफाकडून पारखून घ्यावा लागे. झिजलेल्या, हिणकस वा परमुलखातील रुपयामागे सराफ जी रक्कम कापून घेई, तिला ‘बट्टा’ म्हणत. सरकारी वसुलात विशिष्ट शिक्क्याचाच रुपया घेतला जाई, तेव्हा हा बट्टा रयतेच्या अंगावर पडे. ‘नावाला बट्टा लागणे’ या वाक्प्रचाराचा उगम हाच. माणसाची अब्रू हेही एक नाणेच असून डाग पडल्यास ते पूर्ण किमतीला चालत नाही, असा त्याचा मूळ भाव आहे. नाणे दगडावर आपटून त्याचा नाद पाहण्याच्या रीतीवरून ‘खणखणीत’ हे विशेषण मनुष्याच्या आवाजास, उत्तरास व चारित्र्यासही लागू झाले. न मोडलेला पुरा रुपया तो ‘बंदा रुपया’. विश्वासू माणसालाही हेच नाव मिळाले. रुपया मोडून घेतलेल्या तांब्याच्या चिल्लर नाण्यांस ‘खुर्दा’ म्हणत; त्यावरून ‘खुर्दा उडणे’ म्हणजे धूळधाण होणे, असा अर्थ रूढ झाला. पानिपतच्या पराभवाची (१७६१) वार्ता पेशव्यांना कळली, ती एका व्यापारी पत्रातून. त्यात पडलेल्या सरदारांना व सैनिकांना मोती, मोहरा व खुर्दा अशी सांकेतिक नावे दिली होती. माणसाची गणती नाण्यात करण्याची सवय भाषेत किती रुजली होती, हे त्यावरून दिसते.

‘दाम करी काम’ या म्हणीतील ‘दाम’ शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्याच्या नावावरून संस्कृत ‘द्रम्म’ व त्यावरून ‘दाम’ हा शब्द आला. द्रम्मांचे उल्लेख कोकणातील शिलाहारांच्या लेखांत मिळतात. मोगल काळात दाम हे तांब्याचे नाणे होते. पुढे ते नाणे गेले आणि ‘पैसा’ किंवा ‘किंमत’ एवढाच अर्थ उरला. सहा दामांचा तो ‘छदाम’. दमडी, कवडी यांचीही अशीच गत झाली. मालदीव बेटांवरून येणारी कवडी हे सर्वांत हलके चलन होते; व्यवहारातून ती गेली, तरी ‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द मागे राहिले.

चलन बदलले, की म्हणीही नव्याने पाडली जाते. मूळ वस्तू स्वस्त व तिच्यावरील खर्च अधिक, ही कल्पना जुन्या मराठीत ‘अडक्याची भवानी, सापिकेचा शेंदूर’ अशी मांडली जाई. अडका व सापिका ही हलक्या चलनाची नावे विस्मृतीत गेल्यावर तीच कल्पना ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या रूपाने आली. हिच्यातील हिशेबही नेमका आहे : चार व बारा मिळून सोळा आणे, म्हणजे बंदा रुपया होतो. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे व पैशाच्या ३ पै ही पद्धती १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाल्यावर संपली, तरी ‘सोळा आणे खरे’ हा प्रयोग चालू राहिला. ‘खिशात नाही आणा आणि म्हणे बाजीराव म्हणा’ या थट्टेतला आणाही असाच टिकला. चार आण्यांच्या जागी आलेले २५ पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून काढण्यात आले. म्हणीतील कोंबडीची किंमत मात्र बदललेली नाही. पिकाचा अंदाज सोळा आण्यांच्या प्रमाणात काढण्याच्या पद्धतीस ‘आणेवारी’ म्हणत. दशमान पद्धतीनंतर तिचे नाव ‘पैसेवारी’ झाले. सारामाफी वा टंचाईच्या सवलती तिच्यावर अवलंबून असल्याने शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द विनोदाचा नसून चिंतेचा राहिला.

गुप्तधन : ‘मोहरांचा हंडा सापडणे’ हा अनपेक्षित धनलाभाविषयीचा वाक्प्रचार सर्वत्र ऐकू येतो. वेल्हे तालुक्यातील तोरणा किल्ल्याशी निगडित असलेली कथा त्याचे ठळक उदाहरण आहे. शिवाजी महाराजांनी १६४६–४७ च्या सुमारास हा किल्ला घेतला व त्याचे नाव प्रचंडगड ठेवले. किल्ल्याची दुरुस्ती चालू असताना तेथे द्रव्य सापडले आणि ते शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्याच्या कामी लावले, अशी परंपरा आहे. राजगड पुढे सु. पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. या कथेचे महत्त्व धन सापडण्यात नसून त्याच्या विनियोगात आहे. लोककथांतील गुप्तधन बहुधा शापित असते. ते सापडणाऱ्याला लाभत नाही. तोरण्याच्या कथेत ते तटबंदी, दारूगोळा व माणसे यांच्या रूपाने उत्पादक कामाला लागते. तीन शतकांनंतर याच खोऱ्यांत आकस्मिक धनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, त्याचा विचार पुढे केला आहे.

संस्थान, सावकारी व ऋण : भोरचे संस्थानिक ‘पंत सचिव’ म्हणून ओळखले जात. राजाराम महाराजांनी शंकराजी नारायण यांस सचिवपद दिले व त्यांच्या वंशाकडे पुढे हे संस्थान राहिले. अष्टप्रधानांतील सचिवाचे काम राजपत्रे तपासणे व महालपरगण्यांचे हिशेब पाहणे हे होते. हिशेब तपासणाऱ्या पदावरून नाव मिळालेले हे राज्य होय. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. मात्र रयतेच्या रोजच्या जीवनातील हिशेब दरबारी दप्तरात लिहिला जात नसे, तो सावकाराच्या चोपडीत असे.

मराठीतील द्रव्यविषयक म्हणींचा मोठा भाग ऋणकोच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या, तोंडचा आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, ‘ऋण काढून सण करणे’, ‘बुडत्याचा पाय खोलात’, ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही वचने कर्जाचा इशारा देतात किंवा धनकोची चतुराई ओळखतात. बचतीचा उपदेश ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीत आहे. पण पैशाने पैसा वाढविण्याचे कौतुक करणारी वचने तुलनेने थोडी आहेत. याचे कारण व्यवहारात सापडते. पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी मुलखात कर्जाचा विळखा कसा घट्ट होत गेला, हे १८७५ च्या दंग्यांनी उघड केले. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे हे दंगे सुरू झाले आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारांकडून खते व हिशेबाच्या वह्या मागून घेऊन त्या जाळण्यात आल्या. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य कायदा करण्यात आला.

दामदुप्पट : या सर्व इतिहासात एका शब्दाचा अर्थ पूर्णपणे उलटला. तो शब्द म्हणजे ‘दामदुप्पट’. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलासह दुपटीच्या पलीकडे जाऊ नये, असा नियम आहे. एखाद्या वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मान्य केला होता. शंभर रुपये कर्ज घेणाऱ्याकडून, ते कितीही वर्षे थकले तरी, एका वेळी दोनशेंहून अधिक मागता येत नसत. दामदुप्पट ही अशा रीतीने सावकाराच्या मागणीवरील मर्यादा व कर्जदाराची ढाल होती.

ही ढाल निकामी करण्याचा मार्ग खतातूनच निघाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. मुदत टळू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. शंभर रुपयांवर दसादशे २५ दराने तीन वर्षांत ७५ रुपये व्याज होई. ते मिळवून १७५ रुपयांचे नवे खत केले, की पुढील तीन वर्षांचे व्याज १३१ रुपये ४ आणे होई आणि एकूण येणे ३०६ रुपये ४ आण्यांवर जाई. नव्या खतात १७५ हेच मुद्दल ठरल्याने दुपटीची मर्यादाही ३५० वर सरके. कर्जदाराच्या संरक्षणासाठी केलेल्या मुदतीच्या नियमाने असा उलटा परिणाम घडविला. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण जमीन व पीक दोन्ही गमावलेल्या कुळाच्या स्थितीला तंतोतंत लागू पडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्जदारांच्या जागी ठेवीदारांचा मोठा वर्ग निर्माण झाला आणि ‘दामदुप्पट’ हा शब्द मर्यादेऐवजी आमिषाचा वाचक बनला. रक्कम दुप्पट होण्याला स्वतःचे गणित असते. १९८८ मध्ये डाकघरांतून सुरू झालेल्या किसान विकास पत्रात गुंतविलेली रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. म्हणजे व्याजाचा चक्रवाढ दर दसादशे १३ हून थोडा अधिक पडे. याउलट वर्षात किंवा काही महिन्यांत रक्कम दुप्पट करून देऊ म्हणणाऱ्या योजना नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला परतावा देतात आणि नवे ठेवीदार येणे थांबताच कोसळतात. अशा व्यवहारांना आळा घालण्यासाठी १९७८ मध्ये बक्षीस चिठ्ठी व धनप्रसारण योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आणि १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा करण्यात आला. तरीही ‘दामदुप्पट परतावा’ हे शब्द फसवणुकीच्या बातम्यांत वारंवार येतात. ज्या शब्दाने पणजोबाचे शेत वाचत असे, त्याच शब्दाला भुलून पणतू ते विकून आलेला पैसा गमावतो. शब्द टिकला आणि त्यातील सावधगिरी गेली, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

सट्टा व मनोराज्य : डोंगरी शेती सर्वांना पुरत नसल्याने मावळातील अनेक कुटुंबांतील माणसे कामासाठी मुंबईस गेली व मुंबईची बाजारी भाषा गावापर्यंत आली. १८६१–६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले व मुंबईत समभागांचा सट्टा बोकाळला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळून अनेक पेढ्यांचे दिवाळे निघाले. ‘दिवाळे’ हा शब्द नादारी जाहीर करणारा व्यापारी पेढीवर दिवसाढवळ्या दिवे लावीत असे, त्या रूढीवरून आल्याचे सांगितले जाते. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर आकडे लावले जात. १९६० नंतरच्या काळात ते भाव मिळेनासे झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची रीत पडली आणि जुगारास ‘मटका’ हे नाव मिळाले. ‘मटका लागला’ हा वाक्प्रचार त्यानंतरचा. त्यामुळे त्याचा काळ बराचसा निश्चित सांगता येतो.

नफ्याची आगाऊ स्वप्ने पाहणाऱ्याची थट्टा मात्र फार जुनी आहे. सातूच्या पिठाने भरलेल्या मडक्यावर संसार उभारणाऱ्या व लाथेसरशी ते फोडणाऱ्या ब्राह्मणाची कथा पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात आहे. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ या मराठी म्हणीतही न घेतलेल्या मालावरून घरात भांडण जुंपते. बुडालेल्या गुंतवणुकीविषयीचा विनोद ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ या म्हणीत आहे; हातची वस्तू गेल्यावरच तिचे उत्पन्न सर्वांत मोठे दिसू लागते. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ हा या सर्व वचनांचा सारांश म्हणता येईल.

गुंठामंत्री : पुणे परिसरात अलीकडच्या काळात रूढ झालेला हा विनोदी शब्द याच परंपरेतील आहे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग (१२१ चौ. यार्ड). पुणे शहराच्या वाढीबरोबर आसपासच्या जमिनींचे भाव चढले. पुणे–बंगळूर महामार्ग भोर तालुक्यातून जात असल्याने व वेल्ह्याची धरणे आणि किल्ले शहरास जवळ असल्याने ही लाट डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा कायदा असतानाही जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाऊ लागली. आलेल्या पैशातून मोटार, सोन्याची साखळी व मोठी लग्ने करणाऱ्या शेतकऱ्यास ‘गुंठामंत्री’ म्हटले जाऊ लागले. मंत्र्याचा थाट व गुंठ्याचे मोजमाप एका शब्दात जोडल्याने थट्टा नेमकी साधली आहे.

मात्र हा विनोद जुन्या म्हणींपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. जुन्या म्हणी ज्याच्यावर बेतत असे, त्यानेच स्वतःला सांगितलेल्या होत्या. ‘गुंठामंत्री’ हा पाहणाऱ्याने दुसऱ्यास दिलेला शब्द आहे. त्यात विकणाऱ्याची थट्टा होते, विकत घेणाऱ्याची होत नाही. या परिसरातील सुपीक खोरी भाटघर (१९२८), पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशा धरणांखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या मापात हिशेब करणाऱ्या कुटुंबांच्या हाती मोठी रोख रक्कम एकदाच पडली आणि ती कशी सांभाळावी, याचा अनुभव त्यांच्या म्हणींत नव्हता. त्या उधारीपासून सावध करीत, ठेवीपासून नव्हे. तोरण्याच्या द्रव्यातून राजगड उभा राहिल्याची कथा सांगणाऱ्या प्रदेशातच हा प्रश्न उभा राहावा, यात केवळ विनोद नाही.

संकलन : मराठी म्हणींच्या नोंदी मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी शब्दकोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) विपुल आढळतात. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग १९४२ व १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. या संग्रहांतील द्रव्यविषयक वचने नाणी, मापे व खते यांच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचल्यास त्यांत केवळ शहाणपण नव्हे, तर ते शहाणपण कोणत्या किमतीला मिळाले, हेही कळते.